टोपल्याखालचे गुरुजी

माझी भावसून गोमती हिचा चेहरा मी धड पाहिला तो तिच्या लग्नाच्या फोटोत, आणि त्यातही अर्धा बाशिंगाने झाकलेला होता. ती माझ्या धाकट्या भावाची, दुर्गेशची बायको. म्हणजे मी तिचा भासरा. आमच्याकडे भासरा आणि भावसून यांच्यात एक भिंत असते, आणि ती विटांची नसल्यामुळे कधी पडत नाही. भासरा अंगणात आला की भावसुनेने पदर नाकाखाली ओढायचा. खाटेवर बसली असेल तर उठायचं. त्याच्यासमोर जेवायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. भासऱ्यानेही तिच्या स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही.

त्यामुळे इतकी वर्षं गोमती मला माहीत होती ती पायांतली जोडवी, पदराचा काठ आणि चहा एवढीच. गावी गेलो की उंबरठ्यावर कप ठेवल्याचा आवाज यायचा, मग मुद्दाम वाजवलेल्या बांगड्या, की समजायचं चहा आला. काही सांगायचंच असलं तर ती ते पोरीला सांगायची, पोरगी नसली तर मांजरीला. लेकी बोले सुने लागे, म्हणतात ना, तसं. मांजरीने माझ्या भाताला मीठ कमी आहे का, असं अनेकदा ऐकून घेतलं आहे.

मी स्वतः शिक्षक, गावच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. जुन्या रूढींवर मी पंधरा ऑगस्टला भाषणंही दिली आहेत. पण घरची गोष्ट वेगळी. आणि खरं सांगायचं तर ती भिंत मला सोयीची होती. माझा स्वभाव तापट. घरात वाद घालणारं एक माणूस कमी असलेलं मला बरंच वाटायचं.

मग करोना आला, शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर घ्या असा हुकूम निघाला. मी राहतो तिरोड्याला. गाव आंबेटोला, बोदलकसा तलावाच्या अंगाला. गावात नेटवर्क मिळायचं दोनच ठिकाणी. एक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जिथे दिवसभर रिकामटेकडी पोरं बसलेली, आणि दुसरं दुर्गेशच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत. दुर्गेशची पोरगी ओमेश्वरी माझ्याच वर्गात, सातवीत. पोरीला पाळीवर कोण पाठवणार? तेव्हा फोन खिडकीत, पिठाच्या डब्याला टेकून उभा राहिला. समोर चूल. म्हणजे जिथे भासऱ्याने पाऊल टाकायचं नाही, तिथे भासरा रोज अकराला येऊन बसणार, तोही तोंड वासून.

पहिल्या दिवशी मी वर शर्ट, खाली लुंगी अशा थाटात फोनसमोर बसलो आणि म्हणालो, "नमस्कार मुलांनो!" ओमेश्वरीच्या चौकटीत एक बाई चूल फुंकत होती. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. तिने वळून पाहिलं.

"अवं माय!" एवढंच ऐकू आलं. मग वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, पडल्याचा आवाज, आणि बराच वेळ पडद्यावर एक झाकण गोल गोल फिरत राहिलं. पोरं हसली. मी म्हणालो, "शांत बसा, लक्षात आलं का?" ही माझी सवय आहे, प्रत्येक वाक्याला विचारतो. त्या दिवशी दुर्गेश उपाशीच शेतावर गेला.

दुसऱ्या दिवशी फोन भिंतीकडे वळवून पाहिला, तर आवाज तुटायला लागला. फोनच्या तोंडाचा आणि नेटवर्कचा काही संबंध नसतो, हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगू शकतो, पण तुटत होता हे खरं. तिसऱ्या दिवशी मी पाठ सुरू केला आणि माझ्यासमोर एकदम अंधार झाला.

"ओमेश्वरी, कॅमेरा सुरू कर."

"सुरूच आहे मोठे बाबा. मायनं तुमच्यावर टोपलं झाकलं."

"काय झाकलं?"

"टोपलं. कोंबड्याइचं."

यावर वर्गात जो हशा पिकला तो मी लिहीत नाही. रात्री माझ्या बायकोला, गीताला, मी विचारलं की भासऱ्यावर टोपलं टाकणं हा मान म्हणायचा की अपमान? ती म्हणाली, "मानच होये. अपमान करायचा असता तं बाहेर फेकला असता." माझ्या घरात मला इतपतच आधार असतो.

पुढे मग तेच ठरून गेलं. अकरा वाजता माझ्यावर टोपलं पडायचं आणि गोमती मोकळेपणी स्वयंपाक करायची. ओमेश्वरी टोपल्याबाहेर बसून ऐकायची. फळ्यावरचं काही पाहायचं असलं की ती डोकं आत घालायची, आणि टोपल्याच्या भोकांतून पडलेल्या उन्हाचे ठिपके तिच्या नाकावर मला दिसायचे. ज्या कोंबडीचं ते टोपलं होतं, ती आठवडाभर बाहेर उभी राहून कुरकुरत होती. पचनसंस्थेचा अख्खा धडा मी तिच्या साथीने शिकवला.

पण टोपल्याने चेहरा झाकला जातो, आवाज नाही. ओमेश्वरीचा माइक नेहमी सुरूच राहायचा. तो बंद करणं माझ्या हातात होतं, आणि सुरुवातीला मी तो बंद करायचो. हळूहळू करेनासा झालो. कारण टोपल्याखाली बसून मला कळायला लागलं की माझ्या भावाच्या घरात एक बाई राहते.

आणि काय बाई! दूध उतू गेलं की दुधाला म्हणायची, "गुरजी दिसले म्हणून तूबी नाचून राहिलं का?" दुर्गेशने जेवण मागितलं की, "मले काऊन इचारता? तुमच्या भावाले इचारा सुट्टी कवा होते तं." रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत झालेलं बायकांचं भांडण ती एकटीच सगळ्यांच्या आवाजात करून दाखवायची, आणि माझी पोरं धडा सोडून ते ऐकायची. एकदा मी उत्सर्जनाबद्दल सांगत असताना पलीकडून आवाज आला, "चाल, बाहेर निंघ. लक्षात आलं का?" मांजरीला हाकललं होतं. हुबेहूब माझा आवाज. मला राग यायला हवा होता. मी माझा माइक बंद केला आणि पोट धरून हसलो.

आता दिवाळीतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. करोनाच्या बाबतीत मी काळजी घेणारा माणूस होतो. गीता याला दुसरा शब्द वापरते. भाजी मी मिठाच्या पाण्यात धुवायचो, वर्तमानपत्र उन्हात वाळवायचो, दारची कडी कोपराने उघडायचो. दिवाळीला गावी गेलो तो दोन मास्क लावून, आणि अंगणातच उभा राहिलो. ओमेश्वरी ताटलीत अनारसे घेऊन धावत आली. चुलीवर मिरच्या भाजत होत्या, त्याचा ठसका तिच्या नाकात गेला आणि ती शिंकली. मी अंतर पाळलं. अंतर पाळताना मागे बैलबंडी उभी होती आणि मी तिच्यावर चढलो, हा योगायोग. वरून मी म्हणालो, "ताटली खाली ठेव अन् मागं सरक." पोरगी आधी हसली, मग हसायची थांबली. तिने ताटली जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही.

जानेवारीत पाचवी ते आठवीच्या शाळा उघडायचं ठरलं, पण पालकांची लेखी संमती पाहिजे होती. ज्याला पाठवायचं त्याने पाठवावं, नाही त्याने फोनवर शिकवावं. मला शाळा उघडायला हवी होती. वर्गातली निम्मी पोरं फोनवरून गळून गेली होती, उरलेली अंगाने हजर आणि मनाने तलावावर. मी शाळेच्या पडवीत पालकांची सभा घेतली.

केवलराम सगळ्यांत आधी उठला. "आपल्याले ऑनलाइनच परवडते गुरजी. पोट्टा बकऱ्या चारते, फोन खिशात बोलत रायते."

"आणि पोट्टा काय शिकतो?"

"पोट्ट्याचं माहीत नाई. बकऱ्या लय शांत झाल्या."

मी तापलो. फळा, प्रयोग, मैदान यांवर मी जे काही बोललो ते चांगलं बोललो, पण बायका माझ्याकडे पाहतच नव्हत्या. शेवटी नंदाबाई म्हणाल्या, "गोमती आपली पोट्टी धाडन, तं आमी धाडू." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. कारण सरळ होतं. ओमेश्वरीला लहानपणापासून दम लागतो. पावसाळ्यात तिची छाती भरते, आणि गोमती लसणाचं तेल चोळत तिला उभी धरून बसते, हे अख्ख्या टोल्याला, म्हणजे आमच्या वस्तीला, ठाऊक. जिची पोरगी सगळ्यांत नाजूक, ती पाठवते म्हटल्यावर बाकीच्यांना कसली भीती?

मी निश्चिंत झालो. गोमती होच म्हणणार! शाळा उघडली की भासरा स्वयंपाकघरातून जाणार, टोपलं कोंबडीला मिळणार, दुर्गेशला जेवण मिळणार. आधीच घरचं थोडं काम होतं का, की वर हे व्याह्याचं घोडं सांभाळायचं? घोडं म्हणजे मी. मी तर तिची संमती आलीच असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश तिरोड्याला आला आणि अंगणातूनच म्हणाला, "भाऊ, ते नाई म्हणते."

"काऊन?"

"काळजी वाटते म्हणते."

"कशाची? बाक धुतलेत, अंतर ठेवलंय, तापमान मोजायचं यंत्र आणलंय! सांग तिले." मी त्याला अर्धा तास समजावलं. दुर्गेश हा निरोप्या म्हणून जगात कोणाच्या उपयोगाचा नाही. चाळीस वाक्यांतली त्याने दोन नेली, आणि परत आणलं ते एकच. "टेन्शन नको घेऊ भाऊ, ते नाईच म्हणते."

त्या दिवशी तासाला ओमेश्वरीने टोपल्यात डोकं घातलं ते बराच वेळ काढलंच नाही. डोळे लाल होते. "मोठे बाबा, मले शाळेत यायचं आहे. टोपल्यात डोकं घालू घालू मले कोंबडीवानी वाटून राहिलं."

मला तिची दया आली आणि तिच्या आईचा संताप आला. जेवताना मी गीतासमोर बोललोच. अडाणीपणा आहे, रोगाची नुसती धास्ती घेतली आहे, वगैरे. गीता भाकरी मोडत शांतपणे म्हणाली, "तिले रोगाचं भेव नाई. तुमचं भेव आहे."

"माझं?"

"जो मास्तर सख्ख्या पुतणीच्या शिंकेले बंडीवर चढते, त्याच्या हातात पोट्टी कशी देऊ, असं इचारते ते मले. शाळेत पोट्टीले दम लागला तं हा जवळ येईन का बंडी पाहीन? सांगा तुमी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

मी ताटावरून उठलो. अंतर पाळणं हा सरकारी नियम आहे, असं मी हात धुताना तीनदा म्हणालो. साबणाने दोनदा हात धुतले. आणि मग तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो, कारण मला ओमेश्वरीचं ते हसायचं थांबणं आठवलं. मला लाज वाटली. फार वाटली. पण भावसुनेला जाऊन सांगणार काय, आणि कोणत्या तोंडाने? भिंत होती ना मध्ये.

दोन दिवसांनी तास संपला. पोरं एकेक करून गेली. ओमेश्वरी विहिरीवर गेल्याचं बादलीच्या आवाजावरून कळलं. फोन बंद करायचं ती विसरली होती आणि मी बंद करायला बोट पुढे नेलं, तेवढ्यात टोपल्याबाहेरून आवाज आला. हळू, पण माझ्याच दिशेने.

"टोपल्या, आयकून राहिला का?"

मी बोट मागे घेतलं.

"घरात कोणी नाई म्हणून तुले सांगून राहिली. मोठ्या बाबाइले इचार. माह्या पोट्टीले शाळेत खोकला आला, दम लागला, तं ते जवळ येसान का पळसान? खरं सांगा म्हणा. भाषण नको म्हणा."

बाहेर चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. आमच्या घराण्यात भावसुनेने भासऱ्याला असा प्रश्न कधी विचारला नसेल. आणि तिने तरी कुठे विचारला होता? टोपल्याला विचारला होता. माझ्याकडे अंतर, बाक, यंत्र, सगळी उत्तरं तयार होती. अंधारात बसलेल्या माणसाला खोटं बोलायला सोपं जातं म्हणतात, मला जमलं नाही.

"टोपल्या," मी म्हणालो. "तिले सांग, मले लय भेव लागते. पण पोट्टी खोकली तं मी जवळ जाईन. आधी जवळ जाईन, मग भेईन."

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग बांगड्या वाजल्या, मुद्दाम, चहा ठेवल्यावर वाजवते तशा.

संध्याकाळी दुर्गेश संमती घेऊन आला, आणि त्याच्या मागे टोल्यातल्या बाकीच्यांच्या. केवलरामचीसुद्धा होती. पोट्टा शाळेत गेल्यावर बकऱ्यांना फोन कोण ऐकवणार, एवढीच त्याची तक्रार उरली होती.

शाळा उघडली त्या सकाळी आई-बाप पोरांना सोडून गेलेच नाहीत, कुंपणाबाहेर उभे राहिले. बायकांच्या घोळक्यात एक पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. मी त्या बाजूला पाहायचं टाळत होतो, पण मला सारखं कळत होतं की ती तिथे आहे.

मधल्या सुट्टीत पोरं लांब लांब बसून खायला लागली. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला हात निर्जंतुक करत होतो. ओमेश्वरीने मास्क खाली ओढून मूठभर फुटाणे तोंडात टाकले, मैत्रिणीला काही सांगायला गेली आणि तिला जोरात ठसका लागला. एक, दोन, मग थांबेचना. चेहरा लाल झाला. तिच्या आजूबाजूची पोरं झटकन मागे सरकली. अंतर पाळायला मीच शिकवलं होतं.

माझे पाय जागेवरच राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, पण राहिले, हे खरं. मग मला टोपलं आठवलं आणि मी धावलो. बाटली हातातून पडली. पोरीला पुढे वाकवलं, एका हाताने छातीला धरलं आणि दुसऱ्याने पाठीवर दिला एक. फुटाणा निघेना. दुसरा दिला. मी घाबरलो होतो आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात फार जोर असतो. तिसरा हात उचलला, तेवढ्यात कुंपणापलीकडून एक आवाज आला, सगळ्या मैदानावरून, सरळ माझ्या अंगावर.

"हळू मारा नं, मोठे बाबा! पोट्टी झोडून राहिले का धान झोडून राहिले?"

तिसरा हात पडला, जरा हळू, आणि फुटाणा उडून माझ्या शर्टावर बसला. ओमेश्वरीने लांब श्वास घेतला आणि रडायला लागली. मी तिला पोटाशी धरून तसाच उभा राहिलो. ती माझ्या शर्टाला नाक पुसत होती आणि मी पुसू देत होतो.

भावसुनेने भासऱ्याला भर गावात खडसावलं होतं, मांजर नाही, टोपलं नाही, सरळ. नंदाबाईंचा हात तोंडावर गेला. केवलराम मास्क खाली करून पाहत राहिला, जणू मास्कमधून दिसत नव्हतं. गोमतीने जीभ चावली असणार, कारण पदर एकदम छातीपर्यंत खाली आला. धावत ती कुंपणाला येऊन थडकली होती आणि तिथेच थांबली होती.

इतक्या वर्षांत मला अनेकांनी गुरुजी म्हटलं, आदर्श शिक्षक म्हणून शालही एकदा मिळाली. त्या खडसावण्याने वाटलं तेवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"हाव, हळू मारतो," मी तिला म्हणालो. तिलाच. आणि ओमेश्वरीला घेऊन कुंपणाकडे चालायला लागलो.

आता तुम्हाला वाटेल की भिंत पडली. तशी नाही पडली. रविवारी मी गावी गेलो तेव्हा गोमती आतच होती, पदर नाकाखाली होता. टोपल्यात कोंबडी बसली होती. मी या वेळी अंगणात थांबलो नाही, पडवीत खाटेवर बसलो, एकच मास्क लावून, आणि ओमेश्वरी माझ्या शेजारी बसून मला शाळेतल्याच गोष्टी पुन्हा सांगत होती. उंबरठ्यावर कप वाजला. बांगड्या वाजल्या. मग दाराआडून आवाज आला.

"मने, चहा गरम होये. हळू प्या म्हणा. लक्षात आलं का?"

मांजर दारात बसून माझ्याकडे पाहत होती.

"आलं," मी म्हणालो, आणि मांजरीकडे पाहिलं नाही.